सातबाऱ्यावरचा शेतकरी, शिवारातला शेतकरी

मांजरी, वाघोली, हिंजवडी, चाकण. पुण्याभोवतीच्या यांपैकी कुठल्याही गावात जुन्या घरांमध्ये ‘तुम्ही शेतकरी का?’ असे विचारले, तर बहुतेक ठिकाणी ‘हो’ असेच उत्तर येते. त्यातल्या कित्येक घरांच्या रानात बरीच वर्षे नांगर लागलेला नाही. उलट काही घरांत पहाटे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधल्या जातात, पण त्या घरातल्या कुणाचेही नाव सातबाऱ्यावर नाही. खोटे कुणीच बोलत नाही. जमीन नावावर असणे, ती स्वतः कसणे, तिच्यावर घर चालणे आणि गावात शेतकरी म्हणून मान असणे या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. गाव गाव असते तोवर त्या एकमेकींना धरून असतात. शहर वेशीवर आले की त्या सुट्या होतात. मग ‘शेतकरी’ या ओळखीतले काय उरते, हे जमीन गेली की राहिली यापेक्षा ती कशा रीतीने गेली यावर जास्त ठरते.

सरकारदरबारी तरी शेतकऱ्याची एकच व्याख्या असेल, अशी समजूत असते. तशी ती नाही. शेतजमीन विकत घ्यायची तर महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ लागतो. त्याच्या लेखी शेतकरी म्हणजे जमीन ‘जातीने’, म्हणजे स्वतः, कसणारा, आणि त्यात स्वतःच्या देखरेखीखाली मजुरांकडून करून घेतलेली शेतीही येते. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये हवेत तर १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन नावावर असण्याची अट आहे. प्राप्तिकर भरणारा, ठरावीक श्रेणीचा सरकारी नोकर, नोंदणीकृत डॉक्टर किंवा वकील हे तिथे जमीन असूनही बाद होतात. म्हणजे एकाच घरातला थोरला भाऊ खरेदीखतासाठी शेतकरी असतो, पण कंपनीत पगारावर कर भरत असल्याने अनुदानासाठी नसतो.

जनगणनेला जमिनीच्या कागदाशी देणेघेणे नाही. वर्षातले सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ माणूस कशात काम करतो, एवढेच ती पाहते. याच मोजणीवरून गावाची जातही बदलते. लोकसंख्या किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे आणि पुरुष मुख्य कामकऱ्यांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती कामात, अशा तिन्ही अटी पूर्ण झाल्या की ते गाव जनगणनेत नगर ठरते. तिथे ग्रामपंचायत असली तरी फरक पडत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीची कसोटी आणखी वेगळी आहे. २०१८-१९ च्या पाहणीत शेतकी कुटुंब ठरायला वर्षात शेतीमालातून ४,००० रुपयांहून जास्त उत्पन्न आणि घरातले किमान एक माणूस स्वतःच्या शेतीत असणे पुरेसे होते. अशा कुटुंबांचे देशातले सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघाले. त्यात पिकांचे ३,७९८ आणि मजुरी-पगाराचे ४,०६३. शहरापासून लांबच्या गावांना धरूनही पिकापेक्षा मजुरीचा वाटा मोठा आहे. वेशीवरच्या गावात मजुरीच्या जोडीला खोल्यांचे भाडे, टँकरचे पाणी, टिपर आणि जेसीबी येतात, आणि पीक आणखी मागे पडते.

उतारा वाचायचा कसा

ओळखीची सगळी भांडणे शेवटी सातबाऱ्यावर येऊन थांबतात, म्हणून तो नीट पाहायला हवा. गाव नमुना ७ म्हणजे जमीन कुणाची आणि कोणत्या हक्काने. गाव नमुना १२ म्हणजे त्या वर्षी तिच्यात काय पिकले. दोन्ही एका कागदावर येतात म्हणून सातबारा. एका माणसाची गावातली सगळी खाती ८-अ वर दिसतात आणि मालकी कशी बदलत आली ते फेरफारावर.

वेशीवरच्या गावातला एक नमुन्याचा उतारा डोळ्यांपुढे आणा. क्षेत्र २ हेक्टर १० आर, म्हणजे सव्वापाच एकरांच्या आतबाहेर. पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, १२ आर. भोगवटादार वर्ग १, म्हणजे विक्रीवर सरकारी परवानगीचे बंधन नसलेली मालकी. नावे नऊ: दोन भाऊ, तिसऱ्या मयत भावाची बायको आणि तिची दोन मुले, दोन बहिणी, आणि शेवटी दोन परकी आडनावे, ज्यांनी कधीकाळी दोन-दोन गुंठे घेतले. क्षेत्र सामाईक. इतर हक्कांत विकास सोसायटीचा बोजा आणि विहिरीत एक-तृतीयांश हिस्सा. नमुना १२ मध्ये पिकाच्या जागी ‘पड’.

या एका कागदात गावाची चाळीस-पन्नास वर्षे आहेत. परकी दोन नावे तुकडेबंदी कायद्याला बगल देऊन आलेली असतात. १९४७ च्या या कायद्याने प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकायला मनाई केली. २०२३ च्या अधिसूचनेने हे क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केले. कामगाराला परवडतो एक-दोन गुंठ्यांचा तुकडा. मग कुणी अविभक्त हिस्सा म्हणून खरेदीखत केले, कुणी नुसत्या मुद्रांकावर लिहून दिले. शहरी आणि विकास प्राधिकरणांच्या हद्दीतले असे जुने व्यवहार नियमित करण्याचा मार्ग शासनाने २०२५ मध्ये मोकळा केला. पण क्षेत्र सामाईक असेपर्यंत मोजणीपासून कर्जापर्यंत प्रत्येक कामाला नऊ सह्या लागतात, आणि नववी सही मिळत नाही म्हणून जमीन पडून राहते.

याच्या उलट चूकही तितकीच महाग पडते. उताऱ्यावर एकच नाव आणि त्यापुढे ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. आजोबांच्या मृत्यूनंतर सोय म्हणून थोरल्याचे नाव लागले आणि बाकीचे राहून गेले. विकसक त्याच्याशी व्यवहार करून मोकळा होतो आणि धाकट्यांना कुंपण पडल्यावर कळते. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही. नोंद खरी आहे असे कायदा धरून चालतो, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. त्यामुळे जुने फेरफार काढून वारसांची साखळी जुळवणे हे भाव विचारायच्या आधीचे काम आहे. भाव ठरल्यावर ते सुरू केले की प्रत्येक वारस आपला हिस्सा त्या भावात मोजतो, आणि नात्यात बोलणेच बंद होते.

नमुना १२ मधल्या ‘पड’ या दोन अक्षरांकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर, शेतात उभे राहून, फोटोसह करायची आहे. हंगामाची मुदत चुकली की जागा कोरी राहते. पीक उभे असूनही नोंद नाही, असे वेशीवरच्या गावांत फार होते. तरुण मुले कामावर असतात, म्हाताऱ्यांना ॲप जमत नाही, आणि ‘आता विकायचीच आहे’ या भावनेने कुणी मनावर घेत नाही. जमीन खरोखर कसली जात होती हे दाखवायची वेळ पुढे येते तेव्हा हीच नोंद मागितली जाते.

शेवटचा गुंठा

१९४८ च्या त्याच कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते, अपवादाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. हा नियम बाहेरच्या धनिकांना अडवण्यासाठी आहे असे सगळे समजतात. वेशीवर तो मूळ शेतकऱ्यालाही अडवतो. हिंजवडीची सगळी जमीन विकून दौंड-इंदापूरकडे दहा एकर घ्यायचे ठरवले आणि आधी विक्री, मग खरेदी असा क्रम ठेवला, तर खरेदीच्या दिवशी तो माणूस कागदावर शेतकरी नसतो. दुय्यम निबंधकाकडे दस्त अडतो, किंवा दस्त होऊन फेरफाराला हरकत येते. पुढे कूळकायद्याखाली चौकशी लागून व्यवहार अवैधही ठरू शकतो.

उपाय साधा आहे आणि वेळेवर केला तर फुकट आहे. नवी जमीन आधी घ्यावी, किंवा जुन्यातली काही गुंठे जमीन शेती म्हणूनच नावावर ठेवावी. ती ज्याला पुढे जमीन घ्यायची आहे त्याच्याच नावावर हवी, चुलत्याच्या नको. बिगरशेती झालेला उतारा इथे कामाला येत नाही. शेतकरी असल्याचा दाखला तहसील कार्यालयातून विक्रीपूर्वी काढून ठेवावा. सक्तीच्या संपादनात सगळी जमीन जाऊन भूमिहीन झालेल्याला कायदा ठरावीक मुदतीपर्यंत शेतकरीच मानतो. स्वखुशीने विकणाऱ्याला ही सवलत नाही. दोघांचीही जमीन त्याच रस्त्याच्या कडेची असेल, दोघांनाही आलेला पैसा सारखा असेल, तरी एक शेतकरी राहतो आणि दुसरा राहत नाही.

हद्द सरकते तेव्हा

जून २०२१ च्या अखेरीस पुणे महापालिकेत २३ गावे आली. त्याआधी २०१७ मध्ये ११ आली होती. समावेशाच्या दिवशी शेतात काहीच बदलत नाही, ऊस तोच आणि विहीर तीच. पण ग्रामपंचायत बरखास्त होते. सरपंच नसतो, ग्रामसभा नसते, गावकीचे प्रश्न मांडायची ओळखीची जागा उरत नाही. पुण्यात याला आणखी एक दुखरी बाजू होती. महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळजवळ चार वर्षे या २३ गावांना ना पंच होते ना नगरसेवक. अर्ज घेऊन क्षेत्रीय कार्यालयात जाणारा ‘गावचा शेतकरी’ तिथे एक मिळकतकरदार होता. कराचा दर शहराचा आणि पाणी मात्र टँकरचे, ही तक्रार त्यातूनच आली. ज्या फुरसुंगी-उरुळी देवाचीने शहराचा कचरा वर्षानुवर्षे सोसला, ती गावे २०१७ मध्ये पालिकेत येऊनही पुढे वगळावी लागली आणि त्यांची वेगळी नगरपरिषद झाली.

करासाठी दुसरी अदृश्य हद्द आहे. ग्रामीण शेतजमीन विकली तर प्राप्तिकराच्या दृष्टीने ती भांडवली मालमत्ताच नाही, म्हणून नफ्यावर कर नाही. पण पालिकेच्या हद्दीतली जमीन, आणि हद्दीबाहेर ठरावीक अंतरापर्यंतची जमीन, ग्रामीण धरली जात नाही. पालिकेची लोकसंख्या १०,००० ते १ लाख असेल तर २ किलोमीटर, १ ते १० लाख असेल तर ६, आणि १० लाखांवर असेल तर ८ किलोमीटर. हे अंतर रस्त्याने नव्हे, सरळ रेषेत मोजतात. म्हणजे पालिकेची हद्द चार किलोमीटर पुढे सरकली की करपात्र पट्टाही तितकाच पुढे जातो आणि ज्या गावाचा समावेशाशी संबंधच नाही तिथला शेतकरी त्यात सापडतो. अशा जमिनीच्या विक्रीवर कर वाचवायचा तर विक्रीपूर्वीची दोन वर्षे ती शेतीसाठी वापरात असली पाहिजे आणि विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली पाहिजे. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घेतली नसेल तर रक्कम बँकेच्या भांडवली नफा खात्यात ठेवायची, आणि नवी जमीन तीन वर्षे विकायची नाही. ‘पड’ लिहिलेला उतारा इथे अंगाशी येतो.

या सवलतीने एक नवाच शेतकरी तयार केला आहे. राहतो वाघोलीत, जमीन शंभर किलोमीटरवर, तिथे सालगडी ठेवलेला, स्वतः महिन्यातून एकदा जातो. कायद्याने तो पुरता शेतकरी आहे. त्या दूरच्या गावात मात्र तो बाहेरून आलेला पैसेवाला, आणि तिथल्या लहान शेतकऱ्यासाठी जमिनीचा भाव वाढवणारा. आपल्या गावात त्याने जे सोसले तेच तो नकळत पुढे ढकलतो.

जमीन जाण्याच्या वाटा

पहिली वाट सक्तीच्या संपादनाची. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. हिशेब असा होतो. समजा मूळ दर गुंठ्याला १ लाख ठरला. एकराचे, म्हणजे ४० गुंठ्यांचे, ४० लाख. ग्रामीण भागासाठी १ ते २ मधला जो गुणांक शासनाने ठरवला असेल त्याने गुणायचे. तो २ धरला तर ८० लाख. त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम, म्हणजे १ कोटी ६० लाख. संमतीने थेट खरेदी दिली तर राज्याच्या धोरणाप्रमाणे त्यावर २५ टक्के जास्त, म्हणजे २ कोटी. ‘पाचपट’ म्हणतात ते हेच, आणि ते बाजारातल्या बोलीभावाच्या नाही, मूळ दराच्या पाचपट आहे.

घोटाळा त्या मूळ दरातच होतो. तो रेडीरेकनर, म्हणजे सरकारी मूल्यदराचा तक्ता, आणि आधीच्या तीन वर्षांतल्या आसपासच्या खरेदीखतांवरून काढतात. या खतांपैकी चढ्या दराची निम्मी घेऊन त्यांची सरासरी करतात. पण मुद्रांक शुल्क वाचवायला गावाने वर्षानुवर्षे खतात भाव कमी दाखवलेला असतो, बाकीचा रोख घेतलेला असतो. ज्यांनी जमीन विकली ते सुटले. ज्यांनी जमीन राखली त्यांना संपादनात तोच खोटा दर मिळतो. जमिनीला धरून राहणाऱ्याला सगळ्यात जास्त फटका, हा अन्याय फार थोड्या सभांमध्ये बोलला जातो.

दोन कोटी ऐकायला मोठे वाटतात. पाच वारस असले की वाट्याला ४० लाख येतात. त्याच महिन्यात शेजारच्या दहा गावांतल्या संपादितांच्या हातीही पैसा आलेला असतो आणि सगळेच पर्यायी जमीन शोधत असतात, त्यामुळे ती महागते. पुरंदर विमानतळासाठी पारगाव, खानवडी, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी, एखतपूर आणि मुंजवडी या गावांनी मे २०२५ मध्ये ड्रोन मोजणीला विरोध केला, तेव्हा प्रश्न नुसत्या दराचा नव्हता. अंजीर आणि सीताफळाची बाग म्हणजे वर्षानुवर्षे जमवलेले कौशल्य, व्यापाऱ्यांशी जमलेली देवघेव आणि छाटणी-बहराचे वेळापत्रक. झाडाचे मूल्यांकन होते. हे सगळे येणारा माणूस नव्या ठिकाणी पुन्हा शून्यावर असतो, याचा रकाना पंचनाम्यात नाही.

दुसरी वाट खासगी विक्रीची किंवा विकसन कराराची. करारात जमीनमालकाला रोख रकमेऐवजी किंवा सोबत बांधलेल्या क्षेत्रात टक्का मिळतो. करारनाम्यासोबत कुलमुखत्यारपत्र द्यावे लागते आणि गाडी तिथेच रुळावरून घसरते. मुखत्यारपत्र रद्द न होणारे, काम संपवायची तारीख नाही, आणि विकसकाला तेच कागद दाखवून कर्ज काढायची मोकळीक, अशा तीन गोष्टी एकत्र आल्या की शेतकऱ्याच्या हाती जमीनही नसते आणि सदनिकाही नसतात. परवानग्या कोणत्या तारखेपर्यंत, बांधकाम किती टप्प्यांत, उशीर झाल्यास दरमहा काय आणि कोणत्या क्षणी करार आपोआप संपेल, हे आकड्यात लिहिलेले हवे. शिवाय प्रकल्पातल्या विक्रीत वाटा घेणारा जमीनमालक महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवरच्या राज्याच्या नियामकाच्या, नोंदीत ‘प्रवर्तक’ म्हणून येतो. ग्राहकांबाबतची जबाबदारी त्याच्याही अंगावर येते. काल ऊस तोडणीला देणारा माणूस आज कायद्याने बांधकाम प्रवर्तक असतो, आणि बहुतेकांना हे पहिली नोटीस आल्यावर समजते.

तिसरी वाट एकत्र येण्याची. हडपसरच्या मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन विकली नाही. सतीश मगर यांच्या पुढाकाराने तिची कंपनी केली आणि ज्याची जितकी जमीन तितके त्याचे भाग ठरवले. १९९३ मध्ये प्रस्ताव शासनाकडे गेला, २००० मध्ये बांधकाम सुरू झाले. कुटुंबांतल्या तरुणांनी त्याच प्रकल्पात खोदाईपासून पुरवठ्यापर्यंत कामे घेतली. हे उदाहरण सगळीकडे सांगितले जाते. ते सगळीकडे का होत नाही तेही सांगायला हवे. तिथे जमीन सलग होती, बहुतेक खातेदार एकाच भावकीतले होते, नेतृत्वावर विश्वास होता आणि पैसे येण्याआधी सात वर्षे थांबायची ताकद होती. ज्या गटात नऊ नावे आहेत आणि त्यातल्या एकाला मुलीच्या लग्नासाठी मार्चमध्येच पैसा हवा आहे, तिथे पहिला विसार देणारा दलाल जिंकतो. मगरपट्ट्यातल्या कुटुंबांची ओळख बदलली, पण ती त्यांनी सगळ्यांनी मिळून बदलली. गाव म्हणून असलेले नाते भागधारक म्हणून टिकले.

नवी मुंबईत चौथीच गोष्ट घडली. १९७० मध्ये नवे शहर वसवणारे सरकारी महामंडळ, सिडको, आले आणि ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांची भातशेती, मिठागरे, खाडीकिनारा शहरासाठी घ्यायचे ठरले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातल्या आंदोलनात पोलीस गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व आले आणि १९९४ मध्ये त्याची योजना झाली. सार्वजनिक सोयींसाठी ३.७५ टक्के वजा होतात, हाती ८.७५ टक्के येतात. एक एकर गेला असेल तर साधारण ३५४ चौरस मीटर. इथे आगरी-कोळी समाजाने शेतकरी ही ओळख ‘प्रकल्पग्रस्त’ आणि ‘भूमिपुत्र’ या ओळखीत नेली. तिला कायदेशीर वजनही आहे. प्रकल्पग्रस्त दाखल्यावर शासकीय नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षण मिळते, पण ते एका बाधित कुटुंबातल्या एकाच नामनिर्देशित माणसाला. कुटुंबे वाढली, गावठाण वाढले नाही, आणि पोरांनी गावाला लागून गरजेपोटी घरे बांधली. ती अनधिकृत ठरली. जमीन देणाऱ्याची नातवंडे आपल्याच गावात अतिक्रमणाच्या नोटिशीला उत्तर देत राहिली.

पुण्याच्या बाजूला अशी एकसंध ओळख घडली नाही, कारण इथे जमीन तुकड्यातुकड्याने, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या भावाने गेली. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा राहिला.

मानाचा प्रश्न

‘गुंठामंत्री’, म्हणजे गुंठे विकून पैसेवाला झालेला, ही पुण्याकडची शिवी आहे आणि ती फार सहज वापरली जाते. गळ्यात साखळी, दारात गाडी, वाढदिवसाचा फ्लेक्स एवढेच दिसते. ज्या मुलाच्या बापाचा मान बैलजोडी, विहीर आणि ऊस यांवर होता, त्याला तो मान दुसऱ्या कशावर उभा करायचा हे कुणी शिकवलेले नाही. कंपनीत त्याला हेल्परची जागा मिळते. म्हणून तो स्थानिक म्हणून ठेका मागतो, भंगार, कँटीन, मनुष्यबळ किंवा वाहतूक. लग्नपत्रिकेत बापाच्या नावापुढे ‘प्रगतशील बागायतदार’ असते, पोराच्या नावापुढे ‘उद्योजक’. आणि लग्नाच्या बोलण्यात मुलीकडचे विचारतात, शेती किती आणि मुलगा नोकरीला कुठे. शेती हवी, पण ती करणारा नवरा नको. हा सल शहराच्या वेशीपुरता नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता.

चाकण, खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यात बैलगाडा शर्यतीला एवढे महत्त्व का, हे इथे समजते. नांगरट ट्रॅक्टरने होते, मोट कधीच गेली. तरी खिल्लार बैल दावणीला आहेत, त्यांना खुराक आहे आणि घाटावर प्रत्येक बारी सेकंदांत मोजली जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. एवढी वर्षे हे लोक न्यायालयात चिकाटीने लढले, कारण औद्योगिक वसाहतीत तासाच्या पगारावर काम करणाऱ्या माणसाला ‘बैलगाडामालक’ म्हणून भर यात्रेत नाव पुकारले जाणे ही शेतकरी असल्याची उरलेली जाहीर खूण आहे. प्राण्यांच्या हालांबाबतचे आक्षेप खरे आहेत आणि नियमांची अंमलबजावणी कडक हवी. पण याला नुसती हौस म्हणून झटकणाऱ्याला या गावांतले काहीच कळलेले नसते.

जे अजून मनापासून शेती करतात त्यांची अडचण वेगळी. चारी बाजूंनी प्लॉटिंग झालेल्या शेतात औषध फवारले की सोसायटीतून तक्रार येते, ओढा बुजवल्याने पावसात रान उपळते, कुंपणावरून कचरा पडतो. मुठा उजव्या कालव्यात शहराची तहान आधी येते. मुंढव्याहून प्रक्रिया केलेले सांडपाणी बेबी कालव्यात सोडून शेतीला देतात, त्याच्या वासाची आणि क्षारांची तक्रार कायम आहे. तरी पालेभाजी, फुले, रोपवाटिका आणि दूध वेशीवर नीट चालते. मेथी-कोथिंबिरीला महिना-दीड महिना लागतो, आणि ताजा माल तासाभरात गिऱ्हाइकाच्या दारी जातो.

ज्यांचे नाव कधी लागलेच नाही

हे पीक काढणारे बरेचदा वाट्याने किंवा खंडाने कसणारे असतात. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कुळे मालक झाली. त्या आठवणीने आजही मालक कुठलाच करार लिहून देत नाहीत. तोंडी व्यवहार, वर्षावर्षाला प्लॉट बदलून. म्हणून वाटेकऱ्याला पीककर्ज नाही, विमा नाही, शेतकरी ओळख क्रमांक नाही, कारण तो सातबाऱ्याशी जोडलेला आहे. २०१३ च्या कायद्यात मात्र बाधित कुटुंबाच्या व्याख्येत संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर पोट असलेले शेतमजूर, कूळ आणि वाटेकरीही येतात. सामाजिक परिणाम मूल्यांकनाच्या वेळी त्यांची यादी व्हायला हवी. थेट खरेदीची वाट निवडली की ही पायरी गळते आणि त्यांच्यासोबत त्यांचा हक्कही. संपादनाची कुणकुण लागताच गावातल्या वाटेकऱ्यांनी आडत्याच्या पावत्या, खत-बियाण्यांची बिले आणि शेजाऱ्यांचे जबाब गोळा करून ठेवणे, एवढाच त्यांच्या हातातला पुरावा आहे.

महार वतनाच्या जमिनींवर दुसराच अन्याय झाला. १९५८ च्या कायद्याने वतने खालसा होऊन जमिनी फेरप्रदानाने नव्या शर्तीवर परत मिळाल्या. विक्रीला पूर्वपरवानगी आणि ५० टक्के नजराणा. अट संरक्षणासाठी होती. शहर आल्यावर याच अटीचा धाक दाखवून त्या जमिनी कवडीमोलाने मुखत्यारपत्रावर लिहून घेतल्या गेल्या.

आणि बायका. खुरपणी, तोडणी, जुड्या बांधणे, धारा काढणे हे सगळे करूनही घराघरांतल्या अर्जांवर त्यांचा व्यवसाय ‘गृहिणी’ असतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क दिला. विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले की त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. पण गावची रीत हक्कसोड पत्राची. जमीन पिकाऊ होती तेव्हा बहिणी माहेर तुटू नये म्हणून सही करून देत. भाव कोटीत गेल्यावर त्या वाटा मागू लागल्या की त्यांना लोभी म्हणतात. याच भावांनी विकसकाकडून आपला पैसा मात्र चोख मोजून घेतलेला असतो. नोंदणी केलेले हक्कसोड पत्र सहजी फिरवता येत नाही, म्हणून सही करण्याआधी आपल्या हिश्श्याचे क्षेत्र गुंठ्यांत आणि त्या दिवसाचा रेडीरेकनर दर बहिणीने स्वतः काढून पाहावा. दोन्ही ऑनलाइन मिळतात. विधवा सुनेचे नाव वारसनोंदीत तिच्या मुलांसोबत लागले की नाही हेही त्याच वेळी पाहता येते. ते लागले नसेल, तर वारसांचा तपशील आणि मृत्यूदाखला घेऊन ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा तलाठी) वारसनोंदीचा अर्ज द्यायचा, पोच घ्यायची, आणि फेरफार प्रमाणित होईपर्यंत पाठपुरावा सोडायचा नाही.